आधी परतफेड, मग पापक्षमा

नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळ म्हणून पाळले जातात. प्रभुजन्माच्या उत्सवासाठी मन स्वच्छ करून ठेवण्याचे हे दिवस. आपल्याकडे सणाच्या आधी घरातील जळमटे काढतात, तसे या दिवसांत अंतःकरण झाडून घ्यावे, अशी त्यामागील कल्पना. साहजिकच या रविवारच्या प्रवचनांत उपास, संयम आणि पश्चात्ताप हे विषय येतात, आणि श्रोतेही तेवढीच अपेक्षा मनात धरून येतात. २१ डिसेंबर १५११ रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, कॅरिबियन समुद्रातील हिस्पान्योला बेटावर, सांतो दोमिंगो गावातील गवताने शाकारलेल्या चर्चमध्ये जमलेले स्पॅनिश वसाहतवाले याच अपेक्षेने आले होते. कोलंबसाचा पुत्र व बेटाचा प्रमुख अधिकारी दिएगो कोलोन हाही सभेत होता. प्रवचनास उभा राहिला आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचा डॉमिनिकन संघाचा एक संन्यासी.

अरण्यात ओरडणाऱ्या योहानाचा प्रसंग त्याने निरूपणासाठी घेतला होता. तो आवाज आज आपणच आहोत असे सांगून त्याने समोरच्या प्रतिष्ठितांना तोंडावर सुनावले, की या बेटावरील मूळ रहिवाशांशी तुम्ही जे वागता त्यामुळे तुम्ही सारे महापातकात जगत आहात आणि महापातकातच मरणार. त्यांना गुलामीत ठेवण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? ती माणसे नव्हेत काय? हे प्रवचन एकट्याचे नव्हते. मठातील सर्व संन्याशांनी ते मिळून तयार केले होते आणि त्यावर सह्या केल्या होत्या. दुपारी संतापलेले वसाहतवाले मठाच्या दारी जाऊन थडकले आणि पुढच्या रविवारी शब्द मागे घेण्याची मागणी करू लागले. पुढच्या रविवारी मोंतेसिनोसने तीच गोष्ट अधिक कठोरपणे मांडली आणि वर एक भर घातली. वाटमाऱ्याचे पापनिवेदन आम्ही जसे ऐकून घेत नाही, तसे यापुढे तुमचेही ऐकणार नाही.

ही सारी हकीगत आज आपणांस ज्याच्या लेखणीमुळे ठाऊक आहे, तो बार्तोलोमे दे लास कासास त्या काळी याच बेटावर राहत होता. तो स्वतः धर्मगुरू होता आणि त्याच्या पदरीही ताब्यात दिलेले मूळ रहिवासी राबत होते.

बार्तोलोमेचा जन्म १४८४ सालचा, स्पेनमधील सेव्हिल शहरातला. वडील व्यापारी. १४९३ साली कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला तेव्हा त्याने बरोबर आणलेली बेटांवरील माणसे आणि रंगीत पोपट या मुलाने सेव्हिलच्या रस्त्यात डोळे विस्फारून पाहिले. त्याच वर्षी वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सामील झाले आणि काही वर्षांनी परतताना त्यांनी मुलासाठी तिकडील एक तरुण गुलाम आणला. पुढे १५०० साली इसाबेला राणीने असे गुलाम मायदेशी परत पाठवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यालाही परत जावे लागले. कोलंबस आपल्या हिंदुस्थानास निघाला होता आणि भलत्याच खंडाला लागला, हे आपण शाळेत शिकतो. त्या चुकीपायी आपल्या देशाचे नाव त्या बिचाऱ्यांच्या माथी बसले आणि ते इंडियन ठरले. हिस्पान्योलावरील या लोकांना आज तैनो म्हणतात.

१५०२ साली बार्तोलोमे वडिलांबरोबर हिस्पान्योलास गेला. गलबते किनाऱ्याला लागत असताना काठावरच्या स्पॅनिशांनी ओरडून दोन आनंदाच्या वार्ता सांगितल्या. सोन्याचा एक मोठा गोळा सापडला आहे, आणि एका भागातील रहिवाशांनी बंड केले आहे. बंडाची वार्ता आनंदाची अशासाठी, की बंडखोरांना कायद्याने गुलाम करता येत असे. या दोन वार्तांत त्या वसाहतीचे सारे अर्थकारण सामावलेले होते. राजाच्या वतीने गावेच्या गावे एकेका वसाहतवाल्याच्या हवाली केली जात. या पद्धतीला एन्कोमिएन्दा म्हणत. कागदोपत्री ती मोठी धार्मिक व्यवस्था होती. वसाहतवाल्याने त्या लोकांचे रक्षण करावे, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवावा आणि मोबदल्यात त्यांचे श्रम घ्यावेत. प्रत्यक्षात ती वेठ होती. पुरुष महिनोन्‌महिने सोन्याच्या खाणींत, बायका कसाव्याच्या शेतांत. (ज्या कंदापासून आपल्याकडे उपासाचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा.) नवरा-बायकोची गाठ पडत नसे, आईच्या अंगावर दूध उरत नसे, मुले जगत नसत. गावे ओस पडत चालली होती.

तरुण बार्तोलोमेला यात काही गैर वाटले नाही. शेती होती, खाण होती, उत्पन्न चांगले होते. १५०७ च्या सुमारास रोमला जाऊन तो धर्मगुरू झाला आणि १५१० मध्ये याच बेटावर त्याने आपली पहिली मिस्सा अर्पण केली. नव्या जगात एखाद्या नूतन धर्मगुरूने पहिली मिस्सा गायिल्याचा तो पहिलाच प्रसंग, असे त्याने स्वतःच पुढे नमूद केले आहे. आपल्या पदरच्या माणसांशी तो इतरांहून बरा वागे. त्यांना धर्म शिकवण्याकडे मात्र त्याने इतरांइतकेच दुर्लक्ष केले, हीही कबुली त्याचीच. एकदा एका डॉमिनिकन संन्याशाकडे तो पापनिवेदनास गेला असता, तू मूळ रहिवासी बाळगतोस, म्हणून तुला पापक्षमा देता येत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. बार्तोलोमेने बराच वाद घातला. अखेर त्या संन्याशाने विषय थांबवला. बार्तोलोमे परत आला, आणि माणसेही त्याने आपल्याकडेच ठेवली.

येथे ख्रिस्ती आचाराची एक गोष्ट हिंदू वाचकांसाठी स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कॅथलिक माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूजवळ आपली पापे सांगून क्षमा मिळवावी व ईस्टरच्या सुमारास प्रभुभोजन घ्यावे, असा १२१५ पासूनचा नियम आहे. पापक्षमेवाचून मरण येणे ही श्रद्धावंताला नरकाची भीती. वसाहतीतील लोक श्रद्धावंतच होते. ते मिस्सा चुकवीत नसत, शुक्रवारी मांस वर्ज्य करीत, देवळाला दाने देत. अंगवस्त्र ठेवले, खोटी शपथ वाहिली, उपास मोडला, तर ते पाप म्हणून सांगावे हे त्यांना ठाऊक होते. खाणीत माणसे मरतात, हे पाप म्हणून सांगण्याजोगे आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हते. बहुतेक धर्मगुरूंच्याही ध्यानात येत नव्हते, कारण त्यांचा चरितार्थ त्याच सोन्यावर चाले.

क्यूबा बेट जिंकण्याच्या मोहिमेत बार्तोलोमे सैन्याचा धर्मगुरू म्हणून गेला. काओनाओ नावाच्या गावी रहिवाशांनी पाहुण्यांसाठी मासे आणि कसाव्याच्या भाकऱ्या मांडून ठेवल्या होत्या, आणि ते मोकळ्या जागेत उकिडवे बसून घोड्यांकडे कुतूहलाने पाहत होते. सैनिकांनी सकाळीच वाटेतल्या कोरड्या ओढ्यातील दगडांवर तलवारींना धार लावली होती. एकाएकी एकाने तलवार उपसली आणि बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले. काही क्षणांत त्या जमावाची कत्तल झाली. सेनानायक नार्वाएझ घोड्यावर स्वस्थ बसून होता. आपल्या लोकांनी काय केले याबद्दल धर्मगुरूंना काय वाटते, असे त्याने विचारले. तुम्ही आणि ते सारे सैतानाच्या स्वाधीन व्हा, असे म्हणून बार्तोलोमे दुसरीकडे धावला, जो कोणी वाचेल त्याला वाचवण्यासाठी. असा प्रसंग डोळ्यांदेखत घडल्यावरही त्याने क्यूबात बक्षीस मिळालेली जमीन व माणसे स्वीकारली आणि पेद्रो दे रेन्तेरिया या सज्जन मित्राच्या भागीदारीत आरिमाओ नदीकाठी शेती व खाण थाटली. आपले हात स्वच्छ आहेत असे मानणारा मनुष्य किती काळ तसे मानू शकतो, हे पाहून मन थक्क होते.

१५१४ साली पेन्टेकोस्टचा सण आला. पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा हा दिवस. सांक्ती स्पिरितुस या नव्या गावी प्रवचन द्यायचे म्हणून बार्तोलोमे बायबल चाळीत बसला असता सिराक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोधग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्याच्या समोर आला. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूचे अर्पण देवाला पोचत नाही, गरिबाच्या मिळकतीतून काढलेला नैवेद्य म्हणजे बापासमोर त्याच्या मुलाचा घेतलेला बळी, मजुराची मजुरी बुडवणारा त्याचे रक्त सांडतो, असा त्या भागाचा आशय आहे. महाभारतातील नकुलाख्यान ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा आशय नवा वाटणार नाही. युधिष्ठिराच्या थोर अश्वमेधातही त्या मुंगुसाचे उरलेले अर्धे अंग सोन्याचे झाले नाही, ते उंछवृत्तीने जगणाऱ्या दरिद्री ब्राह्मणाच्या सातूने अर्धे झाले होते. बार्तोलोमेला मात्र तो अध्याय कथा म्हणून भिडला नाही, हिशेब म्हणून भिडला. वेदीवर आपण जी भाकर व द्राक्षरस अर्पण करतो ती कोणाच्या श्रमातून आली? काही दिवस तो याच विचारात होता. त्या डॉमिनिकन संन्याशाचा नकार त्याला आता आठवला.

त्याने सरळ राज्यपाल वेलास्केस यांच्याकडे जाऊन आपल्या ताब्यातील सर्व माणसे सोडीत असल्याचे सांगितले. आपण त्यांना सोडले तर ती दुसऱ्या, अधिक क्रूर माणसाच्या हाती जातील, हे त्याला दिसत होते. परंतु ती पदरी असेपर्यंत इतरांना उपदेश करण्याचे तोंड आपल्याला नाही, हेही दिसत होते. घाई करू नका, पंधरा दिवस विचार करा, असे राज्यपालांनी आपुलकीने सुचवले. ते पंधरा दिवस आताच संपले असे समजा, आणि पुढे मी रक्ताचे अश्रू ढाळीत ती परत मागायला आलो तरी देऊ नका, असे त्याने उत्तर दिले. १५ ऑगस्ट १५१४ रोजी, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, त्याने हे भर प्रवचनात जाहीर केले. श्रोते चकित झाले. शेतातील जनावरे वापरणे पाप आहे असे कोणी म्हणावे, तितके ते त्यांना विचित्र वाटले.

येथून पुढे बावन्न वर्षे लास कासास यांनी दुसरे काही केले नाही.

योगायोग असा, की रेन्तेरिया त्याच सुमारास जमैकात असताना त्यांच्या मनातही तेच वारे वाहत होते. रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढाव्यात, असे त्यांनी योजले होते. दोघे भेटले, एकमेकांचे ऐकले, आणि रेन्तेरियांनी जमैकाहून आणलेला माल विकून मित्राच्या स्पेनच्या प्रवासाचा खर्च उभा केला. १५१५ साली लास कासास मोंतेसिनोसबरोबर स्पेनला गेले आणि नाताळच्या सुमारास वृद्ध राजा फर्डिनांड यांच्यासमोर त्यांनी गाऱ्हाणे मांडले. राजाने पुन्हा भेटण्याचे वचन दिले आणि जानेवारी १५१६ मध्ये तो वारला. वसाहतींचा कारभार पाहणारे बिशप फोन्सेका यांना लास कासास यांनी सांगितले, की तीन महिन्यांत सात हजार मुले दगावली. त्याचे मला काय आणि राजाला काय, असा त्या धर्माधिकाऱ्याचा सवाल होता. त्याच्या स्वतःच्या नावावरही तिकडे माणसे होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचा उलगडा होतो. पुढे राज्याची सूत्रे सांभाळणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोस यांनी मात्र त्यांना इंडियनांचे संरक्षक ही पदवी दिली.

यानंतरची काही वर्षे योजनांची आणि अपयशांची आहेत. व्हेनेझुएलाच्या कुमाना किनाऱ्यावर शस्त्रांवाचून वसाहत करण्याचा त्यांचा प्रयोग, गुलाम पकडणाऱ्या स्पॅनिश टोळ्यांनी आधीच चेतवलेल्या संतापात जळून गेला व त्यांची काही माणसे मारली गेली. खचलेल्या मनाने १५२२ मध्ये ते डॉमिनिकन संघात शिरले. जवळजवळ दहा वर्षे ते अध्ययनात राहिले. १५२७ मध्ये त्यांनी आपला मोठा इतिहासग्रंथ लिहावयास घेतला.

मौनातून बाहेर आल्यावर त्यांनी एक सिद्धान्त मांडला. मनुष्याला धर्माकडे नेण्याचा मार्ग एकच, बुद्धीला पटवणे आणि प्रेमाने ओढणे. तलवारीच्या धाकाने दिलेला बाप्तिस्मा हा ख्रिस्ताचा अपमान होय. लोक हसले, तेव्हा त्यांनी ग्वातेमालातील तुझुलुत्लान हा प्रदेश मागून घेतला. स्पॅनिश सैन्य तेथून वारंवार मार खाऊन आले होते आणि त्याला युद्धभूमी असेच म्हणत. १५३७ मध्ये करार झाला की पाच वर्षे तेथे एकही इतर स्पॅनिश माणूस पाय ठेवणार नाही. डॉमिनिकन निःशस्त्र गेले, आणि प्रदेश शांतपणे वश झाला. पुढे त्याचे नाव वेरापास, म्हणजे खरी शांती, असे पडले. त्याच वर्षी पोप तिसरे पॉल यांनी फर्मान काढून जाहीर केले, की हे लोक विवेकशील मनुष्य आहेत आणि ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. स्पेन आणि पोर्तुगाल यांना परभूमी बहाल करणाऱ्या पंधराव्या शतकातील पोपच्या फर्मानांवर उभी राहिलेली मालकीची कल्पना व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये स्पष्टपणे नाकारली, तेव्हा याच १५३७ च्या फर्मानाचा दाखला दिला.

१५४२ हे त्यांच्या आयुष्यातील विजयाचे वर्ष. सम्राट पाचवा चार्ल्स याने नोव्हेंबरात नवे कायदे जारी केले. यापुढे कोणाही इंडियनास गुलाम करायचे नाही, आणि धारक मेला की त्याच्याकडील गावे वारसाकडे न जाता राजाकडे जायची. वसाहती पेटल्या. पेरूमध्ये बंडखोरांनी राजप्रतिनिधीलाच ठार केले. मेक्सिकोत कायदा लागू करणेच टाळले गेले. १५४५ मध्ये सम्राटाने वारसाबद्दलचे कलम मागे घेतले.

लास कासास त्या वेळी साठी उलटून मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापासचे बिशप झाले होते. आता त्यांच्या हाती राजाचा कायदा उरला नव्हता, फक्त धर्माचे अधिकार होते. ते त्यांनी वापरले. १५४५ च्या उपवासकाळात त्यांनी फतवा काढला, की जो गुलाम बाळगतो आणि सोडीत नाही त्याला कोणत्याही धर्मगुरूने पापक्षमा देऊ नये. ईस्टर तोंडावर आलेला. गावात हलकल्लोळ झाला. त्यांच्याच हाताखालच्या डीनने काही गुलामधारकांना परस्पर क्षमा देऊन टाकली. बिशपांनी त्याला धरून आणण्याचा हुकूम दिला, तेव्हा जमाव हत्यारे घेऊन त्यांच्या घरात घुसला. लास कासास यांना अखेर ते गाव सोडावे लागले, आणि १५४७ मध्ये ते कायमचे स्पेनला परतले. त्याच गावाला आज सान क्रिस्तोबाल दे लास कासास असे नाव आहे.

जाण्यापूर्वी त्यांनी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी बारा नियमांची पुस्तिका तयार केली होती. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे सार या लहानशा पुस्तिकेत आहे. वसाहतवाला मरणशय्येवर असो वा धडधाकट असो, त्याने पापे सांगण्याआधी नोटरीला बोलवावे. आपली सर्व मालमत्ता परतफेडीसाठी धर्मगुरूच्या हवाली करीत असल्याचा दस्तऐवज करावा. गुलाम त्याच क्षणी मुक्त करावेत. ज्यांना लुटले ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांना, तेही नसतील तर त्यांच्या गावाला द्यावे. विजेत्यांना शस्त्रे विकणारा व्यापारीही या कर्जातला भागीदार. एवढे झाल्यावर मग गुडघे टेकावेत आणि बाकीची पापे सांगावीत. उपास मोडल्याचे, शिवीगाळीचे, वासनेचे पाप लास कासास क्षुल्लक मानीत नव्हते. परंतु चोरीचे धन घरात असताना त्यांची क्षमा मागणे त्यांना थट्टा वाटे. वसाहतीतील धर्मगुरूंनी लावलेला पापांचा क्रम त्यांनी अशा रीतीने मुळापासून उलटा केला. या पुस्तिकेमुळे राजाच्या सत्तेलाच बाध येतो, अशी तक्रार होऊन १५४८ मध्ये तिच्या प्रती जमा करण्याचा हुकूम निघाला.

त्यांचे विरोधक सारे लोभी होते, असे मात्र कोणी समजू नये. मोतोलिनिया हे फ्रान्सिस्कन संन्यासी अनवाणी चालणारे, मूळ रहिवाशांत आयुष्य घालवलेले, असंख्य लोकांना बाप्तिस्मा दिलेले सत्पुरुष. त्यांनी १५५५ मध्ये सम्राटाला पत्र पाठवून लास कासास यांच्यावर कठोर टीका केली. हा मनुष्य एका गावी बसून धर्म शिकवीत नाही, सदैव दरबारात खटले घेऊन हिंडतो, आणि त्या खटल्यांची दप्तरे मात्र इंडियन हमालांच्या पाठीवर लादतो. एकदा दूरवरून चालत आलेल्या एका इंडियनाला पुरेसे शिक्षण झालेले नाही म्हणून लास कासास यांनी बाप्तिस्मा नाकारला, याचा राग मोतोलिनियांच्या मनात वर्षानुवर्षे होता. त्यांच्या दृष्टीने आत्म्याचा उद्धार आधी. देहाचे अन्याय कालांतराने मिटतील. लास कासास यांच्या दृष्टीने, ज्याला खाणीत मारायचे त्याला आधी बाप्तिस्मा देणे हे पुण्य नव्हते. दोघेही प्रामाणिक होते, आणि हमालांबद्दलचा टोमणा लास कासास यांना लागावा असाच होता.

१५५० मध्ये सम्राटाने पंडितांची आणि धर्मशास्त्र्यांची सभा वयादोलिद येथे बोलावली. प्रश्न असा, की या लोकांवर आधी युद्ध करून मग त्यांना धर्म शिकवणे न्याय्य आहे काय? एका बाजूस सेपुल्वेदा हा नामांकित विद्वान. त्याने अमेरिका कधी पाहिली नव्हती, पण ॲरिस्टॉटल त्याला मुखोद्गत होता. काही लोक जन्मतःच दास होण्यास योग्य, मूर्तिपूजा आणि नरबळी ही पापे दंडास पात्र, आणि बळी जाणाऱ्या निरपराधांना वाचवणे हे कर्तव्य, असा त्याचा युक्तिवाद. तो तीन तास बोलला. लास कासास यांनी पाच दिवस आपले हस्तलिखित वाचले.

त्या पाच दिवसांतील एक भाग आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानी घेण्याजोगा आहे. लास कासास निष्ठावंत कॅथलिक होते. मूर्तिपूजा त्यांना चूकच वाटे. तरीही ते म्हणाले, की पूर्वजांपासून ज्या देवांना खरे मानले त्यांना, तलवार घेऊन आलेल्या अनोळखी माणसांच्या शब्दाखातर टाकून देणे हे शहाणपणाचे लक्षण ठरले नसते. परधर्मीयांच्या पूजेला दंड करण्याचा अधिकार चर्चला नाही. नरबळीचे समर्थन त्यांनी केले नाही, पण त्यामागेसुद्धा देवाला आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे द्यावे ही मानवी बुद्धीची भावना आहे, हे त्यांनी दाखवले. आणि तो थांबवण्यासाठी केलेल्या युद्धात बळींपेक्षा कितीतरी अधिक माणसे मरतात, हे गणितही मांडले. हे सोळाव्या शतकात. त्याच काळात आपल्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली जात होती आणि १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनही सुरू झाले. सभेने निकाल दिला नाही. दोन्ही पक्षांनी आपलाच जय झाला असे मानले.

उतारवयातही त्यांनी स्वस्थता घेतली नाही. पेरूतील वसाहतवाल्यांनी गावे कायमची आपल्या नावे करून घेण्यासाठी राजा दुसरा फिलिप याला मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा लास कासास व दोमिंगो दे सांतो तोमास यांनी तेथील मूळ प्रमुखांच्या वतीने, ते जेवढे देतील त्याहून एक लाख डुकाट अधिक, असा प्रस्ताव ठेवला. तो सौदा बारगळला. त्यांचे छोटे, जळजळीत पुस्तक १५५२ मध्ये सेव्हिलला छापले गेले आणि स्पेनच्या शत्रूंनी ते भाषांतरे करकरून वापरले. त्यातील आकडे फुगवलेले आहेत, हा आक्षेप खरा आहे. देवी वगैरे नव्या साथींनी किती माणसे नेली, याचा हिशेबही त्यांनी नीटसा केला नाही. परंतु साथ आणि वेठ यांचे परस्परसंबंध कोणी कसेही मांडले, तरी १५१४ च्या वाटपात हिस्पान्योलाच्या रहिवाशांची मोजणी सव्वीस हजारांच्या आसपास भरली होती, आणि शतकाचा मध्य येईतो ते जवळजवळ नाहीसे झाले होते.

जुलै १५६६ मध्ये माद्रिदच्या आतोचा मठात त्यांचे देहावसान झाले. इतिहासग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी वयादोलिदच्या डॉमिनिकन महाविद्यालयाकडे सोपवले होते आणि चाळीस वर्षे ते प्रसिद्ध करू नये अशी अट घातली होती. त्या हस्तलिखितात एक कबुली आहे. १५१६ च्या सुमारास, इंडियनांचे प्राण वाचावेत म्हणून, त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे सुचवणाऱ्यांत ते स्वतः होते. आफ्रिकी गुलाम त्याआधीही येत होते, हे खरे. पण १५१८ मध्ये राजाने चार हजार गुलामांचा परवाना दिला, तेव्हा त्यामागे त्यांचाही शब्द होता. पुढे पोर्तुगीज बखरी वाचताना ही माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कशी पकडली जातात हे त्यांना कळले, आणि जो न्याय इंडियनांना तोच काळ्या माणसांना लागू होतो, हे त्यांनी लिहून ठेवले. आपले अज्ञान व सद्‌हेतू ईश्वराच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवतील की नाही, याची खात्री नाही, असेही लिहिले. इतरांसाठी त्यांनी परतफेडीचे बारा नियम घालून दिले होते. या एका ऋणासाठी नोटरीपुढे काय लिहून द्यावे, हे त्यांनी कोठे सांगितलेले नाही.

ते हस्तलिखित छापून निघाले १८७५ मध्ये, माद्रिदला. ज्या क्यूबात त्यांनी आपली माणसे सोडली होती तेथील उसाच्या मळ्यांत त्या वर्षी आफ्रिकी गुलाम अजून राबत होते. स्पेनने तेथील गुलामगिरी बंद केली ती १८८६ मध्ये.